आबांच्या तोंडी घातलेलं वाक्य

चित्रपटांतल्या संवादांचा अभ्यास कसा करावा यावर नव्या पटकथाकारांना उपयोगी पडेल असं काही लिहा, असं संपादकांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हणालो. आत जाऊन सुलभाला सांगितलं. सुलभा म्हणजे माझी बायको. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लिहा. पण लिहायचंच तर धावड्याचं लिहा."

"अगं, तो विषय वेगळा आहे."

"कसा वेगळा? संवादाचाच आहे. तुमचा सगळ्यात गाजलेला संवाद तोच आहे की."

यावर मी गप्प बसलो. संवादलेखकाला घरात गप्प बसावं लागतं, हे नव्या लेखकांनी पहिलं लक्षात ठेवावं. पण ती म्हणाली ते खरं होतं. माझं एक वाक्य गेली काही वर्षं धावडा गावात आणि सगळ्या भोकरदन तालुक्यात फिरत होतं. एका कीर्तनकारांनी ते कीर्तनात घेतलं, एका घरात ते फोटोखाली चौकटीत बसलं. लेखक म्हणून माझं नाव मात्र कुठेच नव्हतं, आणि ते नव्हतं म्हणून मला रात्रीची झोप येत होती. आज ते नाव मी स्वतःच लावतो आहे. ज्या घरातली ही गोष्ट, तिथल्या दोघा भावांची परवानगी घेतली आहे, त्यांची नावं बदलली आहेत.

आधी माझ्या धंद्याविषयी. उमेदीची वर्षं मी मुंबईत संवाद लिहिण्यात काढली. पोस्टरवर नाव यावं असं काम फार थोडं. मुख्य काम दक्षिणेकडचे चित्रपट मराठीत आणण्याचं. दुपारी जेवून तुम्ही टीव्ही लावता आणि एक मिशीवाला नायक सहा गुंडांना एका हाताने उचलून मराठीत दम देतो. तो दम माझ्यासारख्या कुणीतरी, स्वतःचं जेवण थंड करून, लिहिलेला असतो.

लोकांना वाटतं, हे भाषांतर आहे. भाषांतर ही त्यातली सोपी बाजू. खरी अडचण ओठांची. प, फ, ब, भ, म म्हणताना माणसाचे ओठ मिटतात. पडद्यावरच्या माणसाचे ओठ जिथे मिटले तिथे माझ्या मराठी वाक्यातही यातलंच एखादं अक्षर आलं पाहिजे. आ म्हटलं की तोंड उघडतं, ऊ म्हटलं की त्याचा चंबू होतो. बाकीची सगळी अक्षरं तोंडाच्या आत घडतात, ती कॅमेऱ्याला दिसत नाहीत. आम्ही दिसणाऱ्या अक्षरांचा हिशेब सांभाळायचा आणि न दिसणाऱ्यांच्या जिवावर वाक्य तारून न्यायचं.

त्यातून नायिका रडत रडत तिकडच्या भाषेत लांबलचक काही बोलते आणि मराठीत त्याचा अर्थ 'मी येणार नाही' एवढाच निघतो. उरलेल्या तोंडाचं काय करायचं? मग आम्ही 'हे बघ', 'खरं सांगू का', 'तुला काय वाटलं' असं सामान भरतो. दक्षिणेतले नायक दर दोन वाक्यांनी 'हे बघ' म्हणतात असं ज्यांना वाटत असेल, त्यांनी त्या बिचाऱ्यांना दोष देऊ नये. ते माझं आहे. नायकाने कॅमेऱ्याकडे पाठ केली की मात्र आमचा सण. पाठीला ओठ नसतात. जे सांगायचं राहिलं असेल ते सगळं तिथे उरकून घ्यायचं.

आणखी एक पाप आहे, तेही इथेच नोंदवतो. मालिकांसाठी गावाकडची माणसं लिहिताना एका दिग्दर्शकाने मला सांगितलं, "गाववाला वाटला पाहिजे. प्रत्येक वाक्यात 'आवं' टाका." मी म्हटलं, "आमच्याकडे असं नाही बोलत." तो म्हणाला, "तुमच्याकडे म्हणजे कुठे? गाव म्हणजे गाव." मी टाकलं. माझ्यामुळे अंबडचा शेतकरी काही महिने थेट पंचगंगेच्या काठचं बोलत होता. आमच्या भागातल्या कुणी तक्रार केली नाही. त्यांना वाटलं, हा कोल्हापूरचा पाहुणा असेल.

हे मी शिकलो कुठे? कुठल्या संस्थेत नाही. जुन्या जालन्यात आमच्या घरापासून थोड्या अंतरावर एक टॉकीज होतं. त्याच्या मागच्या भिंतीला कान लावला की चित्रपट फुकट ऐकू यायचा. दिसायचं काहीच नाही. त्यामुळे कोण बोलतंय हे नुसत्या बोलण्यावरून ओळखावं लागायचं. आवाज भिंतीत गुदमरलेला, सगळ्यांचा सारखाच. तरी सासू कोणती, वकील कोण, नोकर कोण हे कळायचं. ज्या चित्रपटात ते कळत नसे, तो वाईट लिहिलेला असे. अजूनही मी नव्या मुलांना सांगतो, तुमच्या पटकथेतली पात्रांची नावं बोटाने झाका आणि वाचा. कोण बोलतंय ते कळलं नाही, तर सगळीकडे तुम्ही एकटेच बोलताय.

पुढे मुंबईत मी उलटा अभ्यास सुरू केला. टीव्हीचा आवाज बंद करून चित्रपट बघायचा, प्रसंगाचे संवाद स्वतः लिहायचे, मग आवाज लावून मूळ लेखकाने काय लिहिलंय ते पडताळायचं. सुलभा तेव्हा नवी नवरी. तिने माहेरी जाऊन सांगितलं, "स्वभावाला चांगले आहेत, पण पिक्चर मुका करून बघतात आणि स्वतःशी भांडतात."

या भांडणातून एक गोष्ट हाती लागली. माझे संवाद दरवेळी मूळ संवादापेक्षा जास्त मुद्द्याचे असायचे, आणि दरवेळी वाईट असायचे. नायकाला राग आला की मी लिहायचो, 'मला राग आलाय.' मूळ लेखकाने लिहिलेलं असायचं, 'पंखा बंद कर.' माझे सासरे याच जातीचे. माझ्यावर चिडले की म्हणायचे, "यंदा ऊन फार आहे." मी त्यांच्याकडे डिसेंबरमध्ये गेलो तरी ऊन फार असायचं. मनात जे असतं त्याच्या आजूबाजूचं माणूस बोलतो. ही गोष्ट मी पुढे शेकडो पोरांना शिकवली, आणि एका दुपारी स्वतः साफ विसरलो.

निवृत्त होऊन जालन्याला परत आलो तेव्हा इथली पोरं मोबाइलवर गावाकडच्या विनोदी मालिका बनवत होती. बरी बनवत होती. त्यांनी एका शाळेच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान ठेवलं. विषय हाच, चित्रपटांच्या संवादांचा अभ्यास. मी एक खेळ करून दाखवला. एका मारधाडीच्या चित्रपटातला प्रसंग पडद्यावर लावला, आवाज बंद. नायक डोळे लाल करून खलनायकाला काहीतरी भयंकर सुनावतोय. मी माइकवर त्याच्या ओठांवर वाक्य बसवलं, "मामा, माझी चप्पल बघितली का? परवाच भोकरदनहून आणल्ती!" ओठ असे जुळले की हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. पुन्हा लावा, पुन्हा लावा म्हणाले. मी आणखी दोनदा चप्पल हरवली.

आता बघा, त्या हॉलमध्ये मी सिद्ध काय केलं? ओठांवर काहीही बसतं. आणि मागच्या रांगेत बसलेल्या एका गृहस्थाने त्यातून काय घेतलं? या सरांना ओठ वाचता येतात.

हे राजेंद्र. मूळचे धावड्याचे, पुण्यात एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. सासरवाडी जालन्याची, म्हणून त्या दिवशी इथे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते घरी आले. चहा झाला तरी विषय काढेनात. शेवटी खिशातून मोबाइल काढला.

"सर, एक क्लिप बघता का? आमच्या घरातली आहे."

गोष्ट अशी होती. राजेंद्रनी स्वतःच्या पसंतीने, घरी न सांगता लग्न केलं होतं. त्यांचे वडील, म्हणजे आबा, त्यानंतर त्यांच्याशी बोलले नाहीत. कित्येक वर्षं नाही. मग थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. थोरले भाऊ भगवानराव, ते धावड्यालाच शेती बघतात. त्यांनी आग्रहाने बोलावलं म्हणून राजेंद्र लग्नाला गेले. आबा मांडवाच्या तोंडाशी उभे राहून आलेल्या पाहुण्यांना टॉवेल-टोपी देत होते. राजेंद्र पाया पडायला वाकले, उठले, आणि आबा त्यांच्याकडे बघून काहीतरी बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"काय बोलले?" मी विचारलं.

"तेच तर. शेजारी बँड वाजून राह्यला होता, सर. आबांचा आवाज आधीच बारीक. मला एक शब्द ऐकू आला नाही."

"मग तुम्ही काय केलं?"

"मान हलवली. परत विचारायची हिंमत झाली नाही. वाटलं, इतक्या दिवसांनी बोललेत, आता काय म्हणालात असं कसं विचारायचं? हो म्हणून मान हलवली. दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं होतं, म्हणून संध्याकाळी गर्दीत कुणाला न सांगताच पुण्याला निघालो. त्यानंतर दोन महिन्यांत आबा गेले. मी कशाला हो म्हणालो, ते मला माहीत नाही, सर."

लग्नाचं चित्रण होतं. पण आमच्याकडचे शूटिंगवाले हौशी. त्यांनी सगळ्या लग्नावर सिनेमाची गाणी चढवली होती आणि मूळ आवाज पुसून टाकला होता. आबा बोलतात तेव्हा कुणीतरी गायिका साजणाला बोलावते आहे. शूटिंगवाल्याकडेही मूळ काही उरलं नव्हतं.

मी क्लिप बघितली. फेटा बांधलेला म्हातारा माणूस, पांढऱ्या मिशा. चौकटीच्या कडेने एक हात त्यांना टॉवेल पुरवतो आहे. आबा मुलाकडे बघतात, बोलतात, मान वळवून पुढच्या पाहुण्याला टोपी देतात. बोलणं दोन छोट्या वाक्यांचं. ओठ चार-पाच वेळा मिटतात, मध्ये मिशी आडवी येते.

मला इथेच म्हणता आलं असतं की बाबा, यातून काही कळत नाही. सरकारी डॉक्टरसुद्धा म्हणतो, मोठ्या दवाखान्यात दाखवा. पण आदल्या दिवशीच्या टाळ्या कानात होत्या. आणि समोर पन्नाशीला टेकलेला माणूस रुमालाची घडी घालत आणि मोडत बसला होता. मी म्हटलं, "उद्या या."

संध्याकाळी मी कागद घेऊन बसलो. बऱ्याच गोष्टी बसत होत्या. 'मामांना भेटलास का, पाया पड' बसत होतं. 'मंडपात बस, पंगत पडली' हेही बसत होतं. आणि मग माझ्या हाताने एक वाक्य लिहिलं, जे नुसतं बसत नव्हतं तर शोभतही होतं.

'मी माफ केलं, बाळा. परत ये.'

सुलभाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाळा?"

"का?"

"धावड्यातला म्हातारा, मिशीवाला, एवढ्या मोठ्या पोराला बाळा म्हणेल? आणि माफ केलं? माझ्या वडिलांनी तुम्हाला कधी माफ केलं म्हटलं का?"

"ओठ जुळतात," मी म्हटलं.

"चपलेचेही जुळत होते."

तिचं ऐकायला हवं होतं. पण मला वाटलं, या माणसाला एक वाक्य हवंय, माझ्याकडे एक वाक्य आहे. जन्मभर मी दुसऱ्यांच्या तोंडात वाक्यं घातली, त्यातली बहुतेक मारामारीची. हे एक कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आणि खरं सांगायचं तर ते मला आवडलं होतं. लेखकाला वाक्य आवडलं की त्याला पुढचं काही दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी राजेंद्र आले. मी त्यांना क्लिप हळू लावून दाखवली, बोटाने ओठ दाखवत, एकेका अक्षराला थांबत. इथे 'मी', इथे 'माफ', हा 'बाळा'. ते बघत राहिले. मग आमच्या दिवाणखान्यात ढसाढसा रडले. मग हसले. मग सुलभाच्याही पाया पडले. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

इथवर मला फारसं काही वाटलं नव्हतं. पण वाक्याला पाय फुटले. राजेंद्रनी धावड्याला फोन केला. आबांच्या पुण्यस्मरणाला ते पुण्याहून आले, मला जालन्यातून गाडीत घालून नेलं, आणि ओसरीत आबांच्या फोटोखाली मला माझं वाक्य चौकटीत दिसलं. कीर्तनकारांनी त्यावर पाऊण तास निरूपण केलं. बाप कसा असावा, तर असा. बायका डोळे पुसत होत्या. शेवटी माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. पुण्यस्मरणाला स्वतःच्या लबाडीबद्दल शाल घेणारा मी बहुधा महाराष्ट्रातला एकमेव लेखक. आणि हे दरवर्षी होऊ लागलं. सुलभा दारातच विचारायची, "आणली का यंदाची?" त्यातली एक शाल तिने कूलरवर टाकली आहे, एक शिलाई मशीनवर. आमच्या घरात उघडं काही राहिलेलं नाही.

मला टोचत होते ते थोरले. भगवानराव. पहिल्या वर्षी कीर्तनकारांनी ते वाक्य म्हटलं आणि भगवानराव मांडवातून उठून मागे निघून गेले. दुसऱ्या वर्षीही तेच. माझ्याशी ते जेवढ्यास तेवढं बोलत. या माणसाने आबांना अखेरपर्यंत सांभाळलं होतं, त्यांचं दुखणंखुपणं काढलं होतं. धाकटा न सांगता लग्न करून गेला आणि बापाचा शेवटचा गोड शब्द त्याला मिळाला. यांना काय मिळालं? यांना कुणी बाळा म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं नव्हतं तर धाकट्यालाही नव्हतं, ते मी म्हटलं होतं. एका भावाचं दुखणं काढायला गेलो आणि दुसऱ्याला लावून आलो, हे मी दरवर्षी जेवणाच्या ताटावर बसून बघत होतो. पुरणपोळी चांगली असायची, पण दुसरी मी कधी मागितली नाही.

यंदा सुलभा म्हणाली, "आता शाल ठेवायला जागा नाही. सांगून टाका."

पुण्यस्मरणाच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी घराच्या मागे गेलो. भगवानराव नळाखाली स्वयंपाकाचे मोठे हंडे घासून घेत होते. मला बघून म्हणाले, "काय सर, शाल भेटली न्हाई का अजून?"

"भगवानराव, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"सांगा की. मी काय कुठं चाललो?"

मी सांगितलं. हॉल, चप्पल, कागद, सगळं. म्हटलं, ते वाक्य आबांचं नाही. मी रचलं. तुम्हाला कमी लेखायचा माझा हेतू नव्हता. आबांनी त्याला बाळा म्हटलेलं नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

त्यांनी हंडा उपडा घातला, त्यावर बसले, पंच्याने हात पुसले.

"मला माहीत हाय," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"आबा काय म्हनले ते. मी तिथंच व्हतो न. टावेल कोन देऊन राह्यलं व्हतं? मीच."

सांगायला लाज वाटते. तो हात मी किती वेळा पाहिला होता. त्या हाताला मालक असेल आणि मालकाला कान असतील, हे मला सुचलं नाही. आमच्या धंद्यात ओठ बघतात, हात नाही.

"मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

"सांगनारच व्हतो. आबा गेल्यावर हा फोन करून इचारायचा, दादा, तुला काय ऐकू आल्तं का? मी म्हनायचो, बँड व्हता रे, न्हाई आलं. कसं सांगावं तेच कळत नव्हतं. म्हनलं, भेटल्यावर सांगू. तवर तुमी सांगून टाकलं. फोनवर लहान लेकरावानी बोलत व्हता. मंग म्हनलं, राहू दे."

"आबा काय म्हणाले होते?"

भगवानरावांनी एकदा पुढच्या दाराकडे पाहिलं. "मुक्कामाला थांब बरं. पहाटं जाय. बस, एवढंच."

माझ्या डोळ्यांसमोर ते ओठ आले. मिटण्याच्या सगळ्या जागा बरोबर होत्या. माझं वाक्य जिथे बसलं होतं, तिथेच हेही बसत होतं.

"आन ह्यानं मान हलवली," भगवानराव म्हणाले. "आबा एकदम खूश. लग्नाच्या गडबडीत मला म्हनले, गच्चीवर बाज टाकून ठेव, नवी सतरंजी काढ, त्याला वाऱ्याला निजायची सवय हाय. टाकली मी. आन हा गेला की संध्याकाळीच. सांगू कसं सांगा ह्याला? तुमचं बरं व्हतं. तुमच्या वाक्यात आबानं माफ तरी केल्तं. कीर्तनात ते आलं की माझ्याच्यानं बसवत नव्हतं, म्हनून उठायचो. तुमचा राग न्हाई केला कधी."

माझा अंदाज होता की या घरातलं खोटं मला एकट्याला माहीत आहे. तो अंदाजही त्या वाक्यासारखाच खोटा निघाला.

तेवढ्यात राजेंद्र मागच्या दाराने आले. "सर, निघू या का? ऊन उतरलं. मला रात्रीपर्यंत पुणं गाठायचंय." मग आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "काय झालं?"

मी भगवानरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "सांगा. तुमीच सुरू केल्तं."

जन्मभर संवाद लिहिले, पण त्या वेळी मला एक वाक्य धड जुळवता आलं नाही. 'हे बघा'पासून सुरुवात केली. 'खरं सांगू का' म्हणून थांबलो. मग कसंबसं सांगितलं, की ते मी लिहिलं होतं. आबांचं नव्हतं.

राजेंद्र हळू म्हणाले, "मग काय म्हणाले होते?"

"मुक्कामाला थांब बरं, पहाटं जाय," भगवानरावांनी सांगितलं. आवाज न चढवता, जसं आबांनी म्हटलं असेल तसं.

"आणि मी हो म्हणालो."

"हाव."

"आणि गेलो."

"तुला ऐकू कुठं आल्तं, येड्या? बँडवाल्याची चूक हाय ती. मी त्याला सांगितलं व्हतं, जरा लांब वाजव म्हनून."

"आबांनी वाट बघितली का?"

"ते नको इचारू."

मला वाटलं, आता हा माणूस माझ्या अंगावर येईल, आणि आला तरी माझं म्हणणं काही नाही. पण राजेंद्र नळापाशी गेले. तोंडावर पाणी मारलं, बराच वेळ मारलं. भगवानरावांनी खांद्यावरचा पंचा पुढे केला. तोंड पुसता पुसता, पंच्याच्या आतूनच ते म्हणाले, "दादा, गच्चीवर अजून तसाच वारा असतो का?"

"असतो की. वाऱ्याला काय झालं?"

"बाज आहे का ती?"

"ती मोडली कवाच. लोखंडी पलंग हाय. कुरकुर करतो लई."

"चालेल."

"चालंल काय? तुझी पाठ दुखती म्हनतोस. रात्रीला बोंबलशील."

"दुखू दे."

भगवानराव उठले. हंडा उचलून भिंतीला लावला आणि घरात कुणाला तरी ओरडून सतरंजी उन्हात टाकायला सांगितली, ऊन उतरलं होतं तरी. राजेंद्रनी ड्रायव्हरला हाक मारली आणि गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली.

"सरांना जालन्याला घरापर्यंत सोड. आणि तूही तिकडेच थांब. उद्या पहाटे ये मला घ्यायला."

मी गाडीत बसलो. काहीतरी बोलावं म्हणून काच खाली केली. म्हटलं, मीही थांबलो असतो, घाई काही नव्हती. राजेंद्रनी माझ्याकडे पाहिलं. ते हसले की नाही, मला सांगता येणार नाही. पण भगवानराव दारातून आले, काचेवर हात ठेवला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "ने बाबा ह्यांला जल्दी. मुक्कामाला ठेवलं, तर सकाळपर्यंत आबाच्या तोंडात आनिक दोन वाक्यं घालतील."